काचेच्या टाकीत बॉम्बे हाय: थर, फॉल्ट आणि तेलाच्या प्रकल्प नोंदी

६ जुलै

विज्ञान मंडळाच्या प्रदर्शनासाठी टाकी करायची ठरली. तेल जमिनीखाली कुठं अडतं, का अडतं आणि का निसटतं हे काचेतून दिसलं पाहिजे. दरवर्षी भूगर्भाचं मॉडेल म्हणून थर्माकोलवर रंग मारलेले पट्टे ठेवतात आणि मधे काळा ठिपका काढून खाली तेल लिहितात, बघणारा घरी जाताना हेच घेऊन जातो की खाली तेलाचं तळं आहे आणि पाइप टाकला की झालं. तळंबिळं काही नसतं. तेल असतं खडकाच्या दाण्यांमधल्या फटींत, आणि त्या फटींत आधीपासून खारं पाणी भरलेलं असतं. तेल हलकं म्हणून वर चढत राहतं, वाटेत कुणी अडवलं नाही तर थेट पृष्ठभागावर येऊन उडून जातं नाहीतर डांबर होतं. म्हणजे तेलाचं साठणं हे अडवणाऱ्यावर अवलंबून आहे. चांगला सच्छिद्र खडक सगळ्यांना आठवतो, त्याच्यावरचा चिवट, बारीक, काही कामाचा न वाटणारा शेल, म्हणजे चिखलाचा घट्ट झालेला खडक, कुणालाच आठवत नाही. मला तोच दाखवायचाय.

टाकी पनवेलच्या फिश टँकवाल्याकडून करून घेतली. ६० सेमी लांब, ४० उंच, ८ रुंद, ८ मिमी काच. त्याने विचारलं ताई एवढ्या चपट्या टाकीत कुठला मासा ठेवणार.

११ जुलै

वाळू. हार्डवेअरवाल्याकडे क्रश सँडच मिळते, ती आपल्या बेसॉल्टचीच, काळी, तिच्यात लाल तेल दिसणार नाही, शिवाय डस्ट इतकी की कितीही धुवा पाणी गढूळच. शेवटी पाण्याच्या फिल्टर प्लांटला लागते ती सिलिका सँड घेतली, पांढरट असते आणि मुख्य म्हणजे ग्रेडमध्ये मिळते. १ ते २ मिमीची एक गोणी, २ ते ४ मिमीची एक.

मजा बघा, आख्ख्या पश्चिम महाराष्ट्रात पायाखाली लाव्हाचे थर, गाळाचा खडक बघायला मुलांना सहलीने लांब न्यावं लागतं, आणि किनाऱ्यापासून १६० किमीवर समुद्राच्या तळाखाली मात्र गाळाचे थर एकावर एक रचलेले आणि त्यात बॉम्बे हाय, देशातला सगळ्यात मोठा तेलसाठा. खाली बऱ्याच भागात परत डेक्कन ट्रॅपच, म्हणजे हाच लाव्हा आहे, फक्त किनाऱ्याकडून समुद्रात तो खचत गेला आणि त्याच्यावर गाळ साचायला जागा झाली.

१४ जुलै

तेलाला रंग. खायचे रंग पाण्यात विरघळतात, तेलात नाही. काष्ठौषधीच्या दुकानातून रतनजोत आणलं, सूर्यफुलाच्या तेलात मंद गरम केलं, मस्त गडद लाल झालं. गाळून बाटलीत भरलं.

वाळू पाण्यात भिजवून तळाशी सलाइनच्या नळीतून लाल तेल सोडलं तर ते आत जाऊन गप्प बसलं. एक गोळा झाला नळीच्या तोंडाशी आणि वर चढायचं नाव नाही. हे खरं तर अपेक्षितच होतं, पण डोळ्यांनी बघितलं की बरं वाटतं. ओल्या दाण्यांमधल्या अरुंद गळ्यातून तेलाच्या थेंबाला घुसायचं तर पृष्ठताणाला हरवायला लागतं आणि हरवायला त्याच्याकडे फक्त स्वतःचा हलकेपणा. पाणी आणि खाद्यतेल यांच्या घनतेत फरक जेमतेम ८ टक्के.

म्हणून दोन बदल केले. जाड वाळू, आणि साध्या पाण्याऐवजी खडे मिठाचं घट्ट द्रावण, तळाशी थोडं मीठ न विरघळता राहीपर्यंत. लिटरभर द्रावण वजन करून बघितलं तर १२०० ग्रॅमच्या आसपास, बरोबर. आता फरक २८ टक्क्यांवर गेला. कागदावर गणित: गळ्याची त्रिज्या ०.४ मिमी धरली तर आत घुसायला साधारण १२५ पास्कल दाब लागतो, म्हणजे तेलाचा सलग स्तंभ साडेचार सेमी झाला की तो आपोआप वर सरकणार. टाकी ४० सेमीची, चालतंय. हेच गणित मातीसाठी, गळा एक मायक्रॉन धरून केलं तर स्तंभ १८ मीटर लागतो. म्हणजे मातीचा थर सलग असला तर माझ्या टाकीतलं तेल तो कधीच ओलांडू शकणार नाही. खऱ्या शेलचे गळे याच्याही कितीतरी पट बारीक, म्हणून शेकडो मीटर तेल-गॅसचा स्तंभ तो खाली दाबून धरू शकतो, लाखो वर्षं.

भांडी घासायचं लिक्विड टाकून पृष्ठताण कमी करायचा सल्ला एकाने दिला. करून बघितलं, तेल सरकतं पण माती विरघळल्यासारखी होऊन सगळं गढूळ. रद्द.

२० जुलै

शाडू माती आणली. गणपतीच्या आधीचे दिवस, त्यामुळे दहा किलोची पिशवी कुठंही मिळते. मळून, दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून लाटण्याने १ सेमी जाडीची पट्टी लाटायची आणि टाकीत वाळूवर अलगद सोडायची. काचेला कडा नीट दाबून चिकटवाव्या लागतात, तिथं केसाएवढी फट राहिली तरी तेल तिथूनच पळतं. मिठाच्या पाण्यात शाडू जरा घट्ट होते, पसरत नाही, हे आपल्या फायद्याचं.

२६ जुलै

पहिलं खरं रनिंग. थर आडवे, सपाट: खाली जाड वाळू, वर माती, वर परत वाळू. तेल चढलं, मातीखाली आलं आणि तिच्या पोटाला चिकटून आडवं पसरत गेलं, टाकी एका बाजूला किंचित उचललेली होती तर सगळं त्या कोपऱ्यात जाऊन काचेच्या कडेने वर निसटलं. म्हणजे झाकण असून भागत नाही, झाकणाला आकार पाहिजे.

मग वाळूचा मधे उंचवटा करून त्याच्यावर माती पांघरली. आता तेल उंचवट्याच्या टोकाखाली जमा झालं, टोपीसारखं, खालची तेल-पाण्याची रेघ जवळजवळ आडवी. आणखी सोडत गेलो तशी रेघ खाली सरकत गेली आणि उंचवट्याच्या सगळ्यात खालच्या कडेला टेकली त्या क्षणी तिथून बाहेर सांडायला लागली. त्या जागेला स्पिल पॉइंट म्हणतात. पोरं अर्धा तास हलली नाहीत. एकाने विचारलं की मग सांडलेलं तेल कुठं जातं, तर पुढच्या उंचवट्याकडे, तिथं नसेल तर वाया. निसर्गात बहुतेक वायाच जातं.

२ ऑगस्ट

आज टाकीला हात लावला नाही. खालच्या मजल्यावरचे काका आले होते, त्यांची आख्खी नोकरी समुद्रातल्या रिगवर गेली, १४ दिवस तिकडे १४ दिवस घरी. टाकी बघून म्हणाले, "अगं हे सगळं वाळूचं केलंयस, आपलं बॉम्बे हाय चुनखडकाचं आहे." बरोबर आहे त्यांचं. म्हणून हे लिहून ठेवते, प्रदर्शनात विचारलं जाणारच.

बॉम्बे हायचा मुख्य साठा एल-थ्री नावाच्या चुनखडकात आहे, समुद्रतळाखाली साधारण तेराशे-चौदाशे मीटरवर, मायोसीन काळातला, म्हणजे कोटी-दोन कोटी वर्षांपूर्वीचा. त्या वेळी तिथं उथळ, कोमट समुद्र, आणि नर्मदा-तापीचा गाळ उत्तरेकडे सुरतच्या खोलगट भागात उतरायचा, इकडे फारसा पोचायचा नाही. पाणी नितळ म्हणून शंख-शिंपले, शैवाल, फोरामिनिफेरा (कवच असलेले सूक्ष्म जीव) यांचा चुना थरावर थर साचत गेला. समुद्राची पातळी मधेमधे उतरायची, चुना उघडा पडायचा, पावसाचं पाणी त्यातून झिरपून दाणे विरघळवायचं, आणि ती विरघळलेली भोकं म्हणजेच आजची तेलाची जागा. वाळूत फटी जन्मापासून असतात, चुनखडकात बऱ्याचदा नंतर तयार होतात, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन विहिरींत एकीत भसाभसा आणि दुसरीत ठणठणाट. काका म्हणाले ड्रिल करताना कधी कधी मड, म्हणजे विहिरीत फिरवतात तो पातळ चिखल, आत गायबच व्हायचा, परत वर यायचाच नाही, म्हणजे बिट (ड्रिलचं टोक) पोकळीत शिरलेली असायची.

मग मायोसीनच्या मध्यापासून वर गाळाचे, शेलचे थर बसत गेले, त्या फॉर्मेशनचं, म्हणजे थरांच्या गटाचं, नाव चिंचिणी. आमच्या पालघरची चिंचणी! बाकीची नावंपण बघा, बांद्रा, माहीम, अलिबाग, रत्नागिरी, देवगड, बेलापूर. खोल समुद्राखालचा तक्ता वाचताना लोकल आणि एसटीच्या बोर्डासारखं वाटतं. तेल जिथं शिजलं तो खडक पन्ना फॉर्मेशन, मायोसीनच्याही आधीच्या, पॅलिओसीन ते सुरुवातीच्या इओसीन काळातला शेल, आजूबाजूच्या खड्ड्यांत साचलेला.

आणि हे खड्डे कुठून आले, तर फॉल्टमुळे, म्हणजे खडक तुटून दोन बाजू एकमेकींवरून सरकतात त्या भेगांमुळे. भारताचा पश्चिम किनारा ताणला जाऊन तुटला तेव्हा जमिनीचे लांबट तुकडे काही खाली खचले, काही वर राहिले. वर राहिलेल्यांपैकी एक तुकडा म्हणजे बॉम्बे हाय. वायव्य-आग्नेय दिशेला लांब पसरलेला उंचवटा, पश्चिमेकडे उतार सौम्य, पूर्वेकडची बाजू मोठ्या फॉल्टने तोडलेली. खचलेल्या भागात जाड गाळ पुरला गेला, तापला, तेल झालं, आणि ते चढत चढत या उंच राहिलेल्या तुकड्यात आलं. म्हणजे एकाच तुटण्याने चूलही दिली आणि कोठारही. फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट या रिगला तिथं तेल लागलं, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. ते उरणला पाइपने येतं, आमच्यापासून तासाभराच्या आत.

९ ऑगस्ट

फॉल्टची यंत्रणा. पाण्याने भरलेल्या टाकीचा तळ हलवायचा म्हणजे गळती आलीच, म्हणून तळ हलवायचाच नाही, आत खोटा तळ टाकायचा. दोन फळ्या, डावी पक्क्या ठोकळ्यांवर, उजवी हवेच्या पिशवीवर. पिशवी म्हणून बीपी मोजायच्या यंत्रातली रबरी पिशवी, दुमडून बसवली, नळी टाकीच्या वरून बाहेर, तिला मीटर आणि फुगा. फुगवली की फळी वर, चावी हळू सोडली की फळी खाली, अगदी मिलिमीटरने. फळ्यांच्या कडेला खिडकीला लावतात ती फोमची पट्टी, वाळू खाली जाऊ नये म्हणून. सुतारकाकांनी फळ्यांना वॉटरप्रूफ प्लाय वापरला आणि पैसे घेतले नाहीत, वर म्हणाले चाललं की बघायला बोलाव.

वाळूचं वजन आलं तेव्हा मीटर ४०च्या जवळ. एवढ्या वजनाला साधारण तितकाच दाब लागायला हवा होता.

एक गोष्ट लक्षात ठेवायची, खऱ्या नॉर्मल फॉल्टची (ताणाने एक बाजू खाली खचते तो) पातळी साधारण ६० अंशांनी कललेली असते, आपली जवळजवळ उभी, कारण फळी सरळ खाली जाते. तक्त्यावर लिहायला हवं.

१६ ऑगस्ट

फॉल्टचा दिवस. थर खालून वर: जाड वाळू १० सेमी, शाडू १ सेमी, वाळू ८ सेमी, शाडू दीड सेमी, वर थोडी वाळू. सगळं खाऱ्या पाण्यात. डावीकडच्या खालच्या वाळूत थोडं तेल आधीच सोडलं, नळी डाव्या कोपऱ्यात.

चावी सोडली. उजवी बाजू खाली जायला लागली, वरचे थर आधी नुसते वाकले आणि मग टक्कन एक रेघ पडली. इथं काचेला नाक लावून बघण्यासारखं आहे: उजवीकडचा शाडूचा थर खाली जाताना डावीकडच्या थराशी नातं एकदम तोडत नाही, मऊ असल्यामुळे फॉल्टच्या पातळीवर ओढला जातो, पातळ होत होत एक राखाडी पडदा तयार होतो, वरच्या तुकड्यापासून खालच्या तुकड्यापर्यंत. याला क्ले स्मिअर म्हणतात. ३ सेमी खाली गेल्यावर थांबवलं.

आता परिस्थिती अशी की डावीकडची तेल असलेली खालची वाळू आणि उजवीकडची मधली वाळू काही भागात आमनेसामने आल्या. वाळूसमोर वाळू, नियमाने तेल पलीकडे जायला पाहिजे. सिरिंजने हळू हळू तेल सोडत गेले, डावीकडे मातीखाली लाल पट्टा जाड होत गेला, फॉल्टपर्यंत आला आणि थांबला. पलीकडे थेंब नाही. पडदा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा आणि आख्खा साठा त्याच्यावर टेकलेला! काका आले होते, चष्मा काढून काचेवर डोळा लावला आणि म्हणाले, "आम्ही वर बसून भोकं पाडायचो, खाली हे असं असेल असं कधी डोळ्यासमोर आलंच नाही बघ."

संध्याकाळी तसंच ठेवलं.

१७ ऑगस्ट

सकाळी लाल पट्टा तिथंच. मग आणखी हवा सोडली, एकूण सरक ६ सेमी. पडदा ताणला, एका जागी इतका पातळ झाला की मागची वाळू दिसायला लागली, आणि थोडा वेळ काही नाही, मग तिथूनच एक लाल बोट पलीकडे. पंधरा-वीस मिनिटांत डावीकडचा निम्मा साठा उजवीकडच्या मधल्या वाळूत, तिच्या वरच्या शाडूखाली जाऊन बसला. वाया गेला नाही, पत्ता बदलला.

याचं एक व्यवहारी गणित तेल कंपन्या खरोखर वापरतात, शेल गॉज रेशो. फॉल्टवरून सरकलेल्या थरांत मातीचा भाग किती आणि एकूण सरक किती, त्याचं टक्केवारीत गुणोत्तर. आपल्याकडे १ सेमी मातीला ३ सेमी सरक म्हणजे ३३ टक्के, धरलं. ६ सेमी सरक म्हणजे १७ टक्के, फुटलं. साधारण १५ ते २०च्या खाली गेलं की फॉल्ट गळायची शक्यता वाढते असा अंदाज वापरात आहे, तर टाकी त्या पट्ट्यात अगदी बरोबर बसली. यात नशीबाचा भाग आहेच, शाडू आणि शेल एक नाहीत, पण पोरांना आकडा आणि घटना एकत्र दिसली.

२३ ऑगस्ट

आज माती वेगळी. शाडूची पट्टी उन्हात अर्धवट सुकवून, चामड्यासारखी कडक झाल्यावर घातली, बाकी सगळं तेच, सरकही तेवढीच ३ सेमी. पडदाबिडदा काही नाही. माती कडाकड तुटली, फॉल्टमध्ये तुकडे आणि मधे पोकळ्या, आणि तेल पलीकडे न जाता सरळ वर, फॉल्टच्याच रेघेने, वरच्या वाळूत आणि मग पाण्यावर तवंग. दोन मिनिटांत खेळ खलास.

फॉल्ट तेल अडवतो का वाट देतो असा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि एका शब्दात उत्तर पाहिजे असतं. माती मऊ असताना फॉल्ट झाला का कडक झाल्यावर झाला, सरक किती, समोर काय आलं, आणि तेल आधी आलं होतं का नंतर आलं, एवढं सगळं विचारल्याशिवाय उत्तरच नाही. एकच फॉल्ट एका काळात जिना असतो आणि दुसऱ्या काळात भिंत. सगळ्यात जास्त वेळेचं महत्त्व, तेल चढून गेल्यावर ट्रॅप, म्हणजे तेल अडवणारी रचना, तयार झाला तर आकार कितीही सुंदर असू दे, आत खारं पाणीच.

फॉल्ट नसतानाही तेल अडतं हे तक्त्यावर एका ओळीत घालायचं. गुजरातेत गंधारला जुन्या त्रिभुज प्रदेशातल्या वाळूच्या पट्ट्या कडेला निमुळत्या होत शेलमध्ये संपतात आणि तेल त्या टोकाशी अडकतं. टाकीत करायला सोपं आहे, वाळूची पाचर करायची, पण वेळ मिळेल का बघू.

३० ऑगस्ट

काकांचा आग्रह, बॉम्बे हाय म्हणतेस तर एल-थ्रीसारखं कर. एल-थ्री म्हणजे एक सलग चुनखडक नाही. त्याचे एकावर एक थर, ए, बी, सी अशी नावं आणि त्यांचे पोटभाग, मधे मधे पातळ शेल नाहीतर घट्ट चुनखडक, प्रत्येक थरातून वाहण्याची क्षमता वेगळी, डोक्यावर गॅसची टोपी. शिवाय आख्खं फील्ड मधे शेलने भरलेल्या एका पट्ट्याने उत्तर आणि दक्षिण असं विभागलेलं.

तर आज तीन वाळूचे थर, १-२ मिमी, २-४ मिमी, परत १-२ मिमी, मधे शाडूच्या अगदी पातळ पट्ट्या, फॉल्ट नाही. तिन्हीत सिरिंजने दाबून तेल भरलं. मग डावीकडून भोकं पाडलेल्या नळीतून खारं पाणी सोडलं, त्यात उजालाचे थेंब टाकून निळं केलेलं, आणि उजवीकडच्या तशाच नळीतून काय बाहेर येतंय ते बाटलीत धरलं. तेल ढकलायला पाणी सोडणं बॉम्बे हायवर ऐंशीच्या दशकापासून चालू आहे, त्याचीच ही लहान आवृत्ती.

निळं पाणी मधल्या जाड थरातून सुळकन पलीकडे. बाटलीत आधी लाल, मग लाल-निळं, मग नुसतं निळं. वर-खालच्या बारीक थरांतलं तेल जवळजवळ जागच्या जागी. आणि मधे शाडूच्या पट्ट्या असल्यामुळे पाणी वरखाली सरकूही शकत नाही. उंचवट्यावर तेल धरून ठेवायला हीच माती पाहिजे होती, आता काढायच्या वेळी तीच आडवी येतेय. काका म्हणाले, "आता कळलं का, आडव्या विहिरी कशाला मारायला लागल्या?" एका उभ्या विहिरीने सगळे थर एकदम उघडले की सगळ्यात सैल थर सगळं पाणी खातो, म्हणून ज्या थरात तेल मागे राहिलंय त्याच्यातूनच आडवं जायचं. मी टाकीत बारीक थरात एक आडवी नळी घातली, भोकं फक्त तिथंच, आणि उजवीकडची उभी नळी चिमट्याने बंद केली. बाटलीत परत लाल यायला लागलं, सावकाश, पण निळं अगदी कमी.

प्रदर्शनाला दोन टाक्या ठेवायच्या, एक फॉल्टची आणि एक ही. दुसरीसाठी टँकवाल्याला सांगितलंय, या वेळी १० मिमी काच, कारण पहिलीची काच भरल्यावर मधे किंचित फुगते आणि शाडूच्या कडा सुटतात. मीठ आणखी ५ किलो. रतनजोत संपत आलंय.